प्रदूषणाची किंमत ठरवण्याआधी ते मोजतो कोण?

काजळी

प्रदूषणावर कर लावावा की कारखान्यांना मर्यादा घालून द्यावी, या प्रश्नावरची चर्चा थोड्याच वेळात 'बाजारावर भिस्त ठेवायची की सरकारवर' या वळणावर जाते आणि तिथेच रुतते. हा धागा त्या वादाच्या एक पायरी मागे जाण्यासाठी काढला आहे.

अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेला विचार असा, की धुरांड्याचा मालक नफा स्वतःकडे ठेवतो आणि धुराचा खर्च आसपासच्या लोकांच्या अंगावर टाकतो. तेव्हा जितके नुकसान तितका कर त्याच्यावर बसवला, की तो आपणहून धूर कमी करील. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये असे दाखवले, की हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलणी करण्याला खर्च येत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात. (बोलणी फुकट होत नाहीत हेही त्यांनीच बजावले होते, त्यांचा हवाला देणारे नेमके तेवढे वाक्य गाळतात.) जॉन डेल्स यांनी १९६८ मध्ये सुचवले, की एकूण किती घाण सोडू द्यायची हे आधी ठरवावे, तेवढेच परवाने काढावेत आणि ते विकत घेण्यादेण्याची मुभा द्यावी. या तिन्ही मांडण्यांत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली आहे: कोणी किती सोडले, हे सर्वांना ठाऊक आहे.

परवान्यांच्या बाजाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आम्लपर्जन्य कार्यक्रमाचे आहे. १९९० च्या कायद्याने कोळशावरच्या वीजकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर एकूण मर्यादा घातली, १९९५ मध्ये ११० मोठ्या केंद्रांपासून सुरुवात झाली, आणि १९८० च्या तुलनेत वर्षाला एक कोटी टनांची घट हे उद्दिष्ट ठेवले गेले. या कार्यक्रमाच्या यशाचे श्रेय परवान्यांच्या बाजाराला दिले जाते. मला त्यातली कमी चर्चिली गेलेली बाजू जास्त महत्त्वाची वाटते. प्रत्येक धुरांड्यावर अखंड मोजणारे यंत्र बसवणे बंधनकारक होते. यंत्र बंद पडले तर त्या काळाच्या रकान्यात मुद्दाम चढा आकडा धरला जाई, म्हणजे यंत्र बंद ठेवण्यात कोणाचाच फायदा उरत नसे. आणि परवान्यापेक्षा जास्त सोडलेल्या प्रत्येक टनामागे २,००० डॉलरचा दंड आपोआप लागू होई, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नसे.

याच्या उलट चित्र गुजरातेतल्या एका प्रयोगात दिसते. तिथे कारखान्यांची पर्यावरणीय तपासणी करणारे लेखापरीक्षक कारखानाच निवडत असे आणि त्यांचे शुल्कही कारखानाच देत असे. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही कारखान्यांसाठी हा रिवाज बदलला: परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमले, त्यांना पैसे एका सामायिक निधीतून दिले, आणि त्यांनी घेतलेल्या मोजमापांची काही ठिकाणी दुसऱ्याकडून फेरतपासणी करवली. जुन्या रिवाजात धुळीचे आकडे कायदेशीर मर्यादेच्या अगदी खाली दाटीवाटीने बसलेले आढळत होते. नव्या व्यवस्थेत ही गर्दी ओसरली, खरे आकडे वर आले, आणि त्यापाठोपाठ कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. कराचा दर किंवा मर्यादेचा आकडा यांना कोणी हात लावलेला नव्हता. मोजणाऱ्याला नेमतो कोण, पैसे कोण देतो आणि त्याचे काम तपासतो कोण, एवढेच बदलले होते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की हवा, हवामान आणि घातक कचरा या तिन्ही बाबतींत कोणते धोरण चालेल हे ठरवताना पहिला प्रश्न 'किती कर' हा असू नये. मोजता येते का, मोजतो कोण आणि त्याला पैसे कोण देतो, हे आधी विचारावे. जाणकारांनी लिहावे, खोडून काढावे.

ताजवा

मी काही वर्षे धुरांड्यांतून धुळीचे नमुने घेण्याचे काम केले आहे, म्हणून मोजणीची बाजू थोडी उलगडतो.

धुरांड्यात नळी घालून हवा ओढायची, ती एका छोट्या गाळणीतून, म्हणजे थिंबलमधून, जाऊ द्यायची, आणि थिंबलचे आधीचे व नंतरचे वजन यांच्यातील फरकावरून धूळ काढायची, असे हे काम वर्णनात सोपे आहे. खोच अशी, की धुरांड्यातील वायू ज्या वेगाने वर जातो त्याच वेगाने नळीत ओढला गेला पाहिजे. ओढ कमी पडली तर जड कण आपल्या ओघाने नळीत येतात आणि आकडा फुगतो. ओढ जास्त झाली तर आजूबाजूचा वायू वळून आत येतो, जड कण मात्र न वळता सरळ निघून जातात आणि आकडा घटतो. वजनातला फरक मिलिग्रॅममध्ये असतो. थिंबल नीट वाळवले नाही तर केवळ ओलाव्यानेच उत्तर बदलते.

हे सगळे काटेकोर केले तरी एक गोष्ट उरते. नमुना घेणारा येणार हे आधी कळलेले असते, आणि त्या दिवशी भट्टी मंद चालते, धूळ पकडणारी पिशवी नवी असते, एरवी बंद ठेवलेला पंखा सुरू असतो. आकडा खरा असतो, दिवस खोटा असतो. श्री. काजळी यांनी लिहिलेली मर्यादेखालची गर्दी ही प्रत्येक वेळी सरळ बनावट नसते. बऱ्याचदा ती अशा सजवलेल्या दिवसांची बेरीज असते.

त्याच कारणाने फोक्सवॅगनचे २०१५ चे प्रकरण मला ओळखीचे वाटले होते. गाडी चाचणीच्या फलाटावर आहे हे आतली संगणकप्रणाली ओळखत असे आणि तेवढ्यापुरते नायट्रोजन ऑक्साइड आवरत असे. रस्त्यावर काही मॉडेले मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत सोडत होती. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही सोय होती. चाचणीचा दिवस सजवण्याचे काम माणसांऐवजी यंत्राकडे दिले, इतकाच काय तो नवेपणा.

वटावखाते

धागा चांगला आहे, परंतु मूळ विधान फार रुंद झाले आहे. धुळीबाबत जे खरे आहे ते कार्बनला लागू होत नाही.

कोळसा, डिझेल किंवा नैसर्गिक वायू जाळल्यावर किती कार्बन डायऑक्साइड तयार होईल हे इंधनातील कार्बनवरून कळते. धुरांड्यावर चढण्याची गरज नाही. खाण, बंदर आणि तेलशुद्धीकरण कारखाना येथील नोंदवह्या पुरेशा आहेत. फिनलंडने १९९० मध्ये आणि स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर आणला तो इंधनावरच. तेव्हा कार्बनची मोजणी ही अडचण नाही. अडचणी दोन आहेत, आणि त्या वेगळ्याच आहेत.

पहिली अडचण काळाची. आज सोडलेल्या टनाचे नुकसान पुढची कित्येक दशके होत राहते, आणि भविष्यातील नुकसान आजच्या किमतीत आणण्यासाठी जो वटावाचा दर धरावा लागतो त्यावर सगळे उत्तर फिरते. शंभर वर्षांनी होणारे शंभर रुपयांचे नुकसान वर्षाला १.४ टक्के दराने आज सुमारे २५ रुपयांचे ठरते. ४ टक्के दराने ते दोन रुपयांचेही भरत नाही. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या हवामानबदलावरच्या २००६ च्या अहवालात ताबडतोब मोठी कपात करा असे म्हटले गेले आणि दुसरे अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांच्या प्रारूपांतून सावकाश चढत जाणारा कर निघाला, यामागे विज्ञानातील मतभेदापेक्षा या एका दराचा वाटा मोठा होता. अमेरिकेत सरकारी हिशेबात एक टन कार्बन डायऑक्साइडचे नुकसान ५१ डॉलर धरले जात असे. तिथल्या पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये तो आकडा सुमारे १९० डॉलरवर नेला, आणि त्या वाढीतही वटावाचा दर २ टक्क्यांवर आणण्याचा भाग मोठा होता. उद्याच्या माणसाचे नुकसान आज किती मानायचे, हे कोणतेही मोजयंत्र सांगू शकत नाही.

दुसरी अडचण लोकांच्या गळी उतरण्याची. ऑस्ट्रेलियाने जुलै २०१२ मध्ये कार्बनला किंमत लावली आणि जुलै २०१४ मध्ये ती मोडीत काढली. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनकराच्या वाढीवरून पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले आणि नियोजित वाढ मागे घ्यावी लागली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये टनामागे १० डॉलरपासून सुरुवात करताना मिळालेला महसूल इतर कर कमी करून परत दिला, आणि ती व्यवस्था बरीच वर्षे टिकली. तरी २०२५ मध्ये तिथेही ग्राहकांवरचा हा कर उठला. या तिन्ही ठिकाणी मोजणीवरून कोणी भांडले नाही.

काजळी

इंधनातील कार्बनबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे; माझे वाक्य तेवढ्यापुरते मागे घेतो. वटावाच्या दराचा मुद्दाही निर्विवाद आहे.

परंतु इंधन वगळले, की कार्बनबाजार पुन्हा मोजणीच्याच चिखलात येतो. हवामानबदलाविषयीच्या क्योटो कराराखालच्या स्वच्छ विकास यंत्रणेत विकसनशील देशांतील प्रकल्पांना 'न सोडलेल्या' वायूबद्दल पतपत्रे, म्हणजे कार्बनबाजारात विकता येणारी प्रमाणपत्रे, मिळत. शीतकरणासाठी लागणारा एचसीएफसी-२२ बनवताना एचएफसी-२३ हा वायू जोडउत्पादन म्हणून निघतो, आणि त्याचा एक टन ११,७०० टन कार्बन डायऑक्साइडइतका धरला जात होता. तो जाळून टाकणे स्वस्त होते, पतपत्रांची किंमत मात्र मोठी होती. परिणामी काही कारखान्यांत, पतपत्रे मिळण्याच्या काळात हा नकोसा वायू जास्त निघू लागला आणि पतपत्रांना पात्र असलेल्या उत्पादनाची मर्यादा संपताच तो कमी झाला, असे नोंदींतून पुढे आले. युरोपीय संघाने मे २०१३ पासून ही पतपत्रे घेणे बंद केले. इथे नळीतून गेलेला प्रत्येक किलो नीट मोजला होता. मोजता न येणारी गोष्ट वेगळी होती: प्रकल्प नसता तर काय झाले असते? जे घडलेच नाही त्याचा आकडा विकणाऱ्यालाही मोठा हवा असतो आणि विकत घेणाऱ्यालाही, आणि त्याला आक्षेप घेणारा तिसरा कोणी व्यवहारात नसतो.

दक्षिणवारा

दोघांच्याही लिखाणात जागेचा विचार सुटला आहे.

कार्बन डायऑक्साइड कुठेही सोडला तरी परिणाम एकच, म्हणून त्याचे परवाने कोणी कोणाला विकले याने फरक पडत नाही. सूक्ष्म धुळीचे तसे नाही. भर वस्तीतला एक टन आणि ओसाड माळावरचा एक टन यांचे परवाने एकाच भावाने विकले, तर बाजार एकूण आकडा पाळूनही धूर गर्दीच्या जागी गोळा करू शकतो. लॉस एंजेलिसच्या परिसरात १९९४ मध्ये नायट्रोजन आणि गंधकाच्या ऑक्साइडांसाठी असा बाजार सुरू झाला, त्यावर हा आक्षेप सतत राहिला. शिवाय २००० च्या वीजटंचाईत परवान्यांचे भाव इतके कडाडले, की वीजकेंद्रांना त्या बाजारातून बाजूला काढावे लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीसाठी, वार्षिक मार्गदर्शक पातळी १० वरून ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली. हा आकडा श्वासातल्या हवेचा आहे, आणि ताजवा यांचे थिंबल धुरांड्यातला आकडा देते. दोहोंच्या मधे वारा, उंची, ऋतू आणि वस्ती असते. कर आकारायचा तो धुरांड्यावर आणि नुकसान होते ते श्वासात, हा सांधा जुळवायला कोणतीही एक किंमत पुरत नाही.

मोजणीच्या बाजूने मात्र एक उदाहरण देतो, ते श्री. काजळी यांच्या उपयोगाचे आहे. स्वीडनने १९९२ पासून मोठ्या ऊर्जासंयंत्रांच्या नायट्रोजन ऑक्साइडवर किलोला ४० क्रोनर आकार लावला आणि जमा झालेली जवळजवळ सर्व रक्कम त्याच संयंत्रांना, त्यांनी निर्माण केलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात, परत वाटली. दर युनिटमागे कमी धूर सोडणाऱ्याच्या पदरात पैसे पडत आणि जास्त सोडणाऱ्याच्या खिशातून जात, त्यामुळे इतका चढा आकारही उद्योगांनी सोसला. ज्याला मोजयंत्र बसवायचे नव्हते त्याच्यावर प्रत्यक्षाहून चढा ठोकळ आकडा लादला जाई. मोजयंत्रासाठी धावाधाव मग उद्योगांनीच केली.

ताजवा

सुरतेचा उल्लेख कोणी केला नाही, तो करावाच लागेल, कारण तो माझ्याच बाजूला छेद देतो. सुरतेत २०१९ मध्ये धुळीच्या उत्सर्जनाचा जगातला पहिला म्हणवला जाणारा बाजार सुरू झाला. अभ्यासात ३१७ कारखाने होते, त्यांतले काही चिठ्ठीने बाजारात घातले गेले आणि बाकीचे जुन्या नियमांखाली राहिले. बाजारातल्या कारखान्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी कमी भरली. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की अखंड मोजणारी यंत्रे दोन्ही गटांत होती. म्हणजे नुसत्या यंत्राने काही झाले नाही. त्या आकड्याला पैशाची किंमत आल्यावरच तो हलला. जुन्या नियमात मर्यादा मोडणे हा फौजदारी गुन्हा होता, शिक्षा इतकी अवजड की ती क्वचितच केली जाई, आणि यंत्राचे आकडे कोणाला न दुखवता साठत राहत.

काजळी

हे मान्य करावेच लागेल. मोजणी अपुरी आहे, इतके कबूल. ती नसेल तर पुढचे काहीच उभे राहत नाही, एवढा भाग मी धरून ठेवतो. अवांतर: त्याच अभ्यासात कारखान्यांचा धूळ आवरण्याचा खर्चही जुन्या पद्धतीपेक्षा कमी आला होता, हे बाजाराच्या विरोधकांनी पाहावे.

गाळ

घातक कचऱ्यावर अजून कोणी बोलले नाही आणि मला वाटते या तिघांत तोच सर्वांत अवघड आहे, कारण धूर दिसतो, कार्बन नोंदवहीत सापडतो, पण पिंप रात्री नेऊन पुरता येते.

हवेवरच्या कराचे तर्कशास्त्र इथे लावले की उलटते. विल्हेवाटीच्या केंद्रावर टनामागे कर वाढवला, की प्रामाणिक कारखान्याचा खर्च वाढतो आणि कचरा नाल्यात ओतणाऱ्याची बचत वाढते. जो कचरा केंद्रावर आला तोच मोजला जातो. न आलेल्यावर कर बसत नाही. म्हणून डॉन फुलर्टन व इतर अर्थतज्ज्ञांनी उलट्या बाजूने जाण्याचे सुचवले: रसायन विकत घेतानाच ठेव भरून घ्यावी आणि कचरा योग्य ठिकाणी पोचवल्याचा पुरावा दाखवला, की ती परत द्यावी. मग सरकारला चोर शोधत फिरावे लागत नाही, पुरावा घेऊन लोकच दारात येतात. मोजण्याचे ओझे अशा रीतीने ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्यावर जाते. बॅटऱ्यांसाठी ही पद्धत अनेक ठिकाणी चालली आहे. एकमेकांत मिसळलेल्या द्रावकांसाठी ती अवघड जाते, कारण पिंपात काय आहे हे पुन्हा तपासावे लागते आणि पाणी घालून वजन वाढवणे सोपे असते.

कचरा स्वस्त जागेकडे वाहतो, ही दुसरी बाब. फिलाडेल्फियातील भट्टीची राख घेऊन खियान सी हे जहाज १९८६ मध्ये निघाले, देशोदेशी नकार घेत फिरले, खत म्हणून सुमारे चार हजार टन राख हैतीच्या किनाऱ्यावर टाकून गेले, आणि उरलेली राख नावे बदलत बदलत समुद्रात सोडली. अशाच प्रकरणांतून घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा १९८९ चा बासेल करार झाला आणि १९९२ मध्ये अमलात आला. श्रीमंत देशांतून इतरत्र घातक कचरा पाठवण्यावर पूर्ण बंदी घालणारी त्यातली १९९५ ची दुरुस्ती मात्र डिसेंबर २०१९ मध्ये लागू झाली, आणि अमेरिकेने मूळ करार आजतागायत मंजूर केलेला नाही. मधल्या काळात जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचे, डिसेंबर १९९१ मध्ये लिहिलेले एक टिपण फुटले. आजारपणाचे नुकसान बुडालेल्या मजुरीत मोजले, तर विषारी कचरा सर्वांत कमी मजुरीच्या देशात टाकणे हिशेबाला धरून होते, असा त्यातला युक्तिवाद होता. तो उपरोध होता, असा खुलासा नंतर केला गेला. उपरोध असो वा नसो, गणित बरोबर होते आणि मोजपट्टी घातक होती. श्री. काजळी 'मोजतो कोण' विचारतात. मी 'कशात मोजतो' हेही विचारीन.

वटावखाते

ठेवीबद्दल एक शंका. कारखाना बंद पडला आणि जमिनीत पुरलेला कचरा चाळीस वर्षांनी पाझरू लागला, तर ठेव परत देऊन झालेली असते. तेव्हा काय?

गाळ

याच प्रश्नातून अमेरिकेचा सुपरफंड कायदा, म्हणजे जुन्या घातक कचऱ्याच्या जागा साफ करण्याचा कायदा, निघाला. नायगारा फॉल्स गावातील लव्ह कॅनॉल या अर्धवट खोदलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने १९४२ पासून सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन शाळामंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात पुढच्या नुकसानीची जबाबदारी आपली नाही, असे कलमही घातले. तिथे शाळा आणि घरे झाली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावे लागले. डिसेंबर १९८० च्या या कायद्याने जबाबदारी मागच्या काळालाही लागू केली, आणि ज्यांनी ज्यांनी कचरा टाकला त्यांतल्या कोणाही एकाकडून सगळी भरपाई मागता येईल असे ठेवले. मालक सापडत नाही अशा जागांसाठी तेल आणि रसायने यांवरच्या करातून निधी उभारला. तो कर १९९५ अखेर संपला, निधी आटत गेला आणि बराचसा भार सामान्य करदात्यावर आला. रसायनांवरचा कर २०२२ मध्ये परत आला.

तुमच्या चाळीस वर्षांचे उत्तर त्याच देशाच्या दुसऱ्या नियमात अर्धवट आहे. घातक कचऱ्याची पुरणजागा बंद केल्यावर साधारण ३० वर्षे तिची देखभाल करायची आणि त्या खर्चाची तरतूद आधीच दाखवायची, असा तो नियम आहे. तरतूद न्यासातील रोख ठेवीने, विम्याने किंवा बँकहमीने दाखवता येते, आणि कंपनीची आर्थिक स्थिती चांगली असेल तर तिच्या स्वतःच्या ताळेबंदावरही भागते. हा शेवटचा पर्याय सर्वांत स्वस्त, म्हणून सुस्थितीतल्या कंपन्यांना तोच सोयीचा. ज्या दिवशी त्या तरतुदीची गरज पडते, त्या दिवशी बहुधा तो ताळेबंदच बुडालेला असतो. माझ्या मते रोख ठेवीखेरीज काहीच घेऊ नये. त्यावर उद्योगांचे म्हणणे असे, की तीस वर्षे भांडवल अडकेल. ते खरे आहे, आणि तो खर्च त्या कचऱ्याच्या किमतीतच धरायला हवा होता.